राखेत काय टिकतं: कवच, की कवचाच्या आतला प्राणी?

बाजारातून आणलेली चिंबोरी आणि कोळंबी शेजारी ठेवा. चिंबोरीची नांगी फोडायला बत्ता लागतो, कोळंबीचं साल दोन बोटांनी निघतं. दोघींचं कवच मुळात एकाच पदार्थाचं असतं: कायटिन (कीटकांच्या कवचातही असणारा चिवट पदार्थ) आणि प्रथिनं यांचे एकावर एक रचलेले थर. चिंबोरी त्या थरांत भरपूर कॅल्शियम कार्बोनेट भरते, कोळंबी अगदी थोडं. या एका फरकामुळे खडकांत खेकड्यांच्या नांग्या बऱ्यापैकी सापडतात आणि कोळंबीचे जीवाश्म दुर्मिळ असतात.

कवचधारी प्राण्यांचा वर्ग खेकडे, शेवंड आणि कोळंबी यांच्यापुरता नाही. होडीच्या तळाला चिकटणारे बार्नॅकल याच वर्गातले. ऑस्ट्रॅकॉड हेही त्यातलेच. हे बहुधा अर्धा ते दोन मिलिमीटर लांबीचे प्राणी दोन झडपांच्या इवल्या शिंपल्यात राहतात आणि तळ्यापासून खोल समुद्रापर्यंत सगळीकडे असतात. त्यांच्या झडपा घट्ट कॅल्साइटच्या, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटच्या, त्यामुळे कवचधाऱ्यांत सर्वाधिक जीवाश्म त्यांचेच मिळतात. क्लॅम श्रिम्प नावाचे गोड्या पाण्यातले प्राणीही दोन झडपांचेच, पण त्यांच्या झडपा कायटिन आणि कॅल्शियम फॉस्फेटच्या. हा रासायनिक फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

मेलेला कवचधारी प्राणी साध्या चिखलात पडला, तर सगळ्यात आधी सांध्यांवरचा पातळ, कॅल्शियम नसलेला पापुद्रा कुजतो. पाय, नांग्या, पाठीची ढाल सुटी होते. कृमी आणि इतर खेकडे तुकडे ओढून नेतात. कोळंबीसारख्या प्राण्याची ओळख पटणार नाही इतकी मोडतोड व्हायला एक-दोन आठवडे पुरतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी जीवाश्म म्हणून कवचाचे कठीण तुकडे तेवढे उरतात. डोळे, कल्ले, आतडं, स्नायू, अंडी यांतलं काहीच उरत नाही.

ज्वालामुखीची राख इथे चित्र बदलू शकते. मात्र ‘राखेनं प्राणी जपला’ हे वाक्य जितक्या सहज छापलं जातं, तितकं ते खरं नसतं. राख दोन वेगळी कामं करते. आधी ती गाडते आणि मग स्वतः बदलत जाऊन आजूबाजूच्या पाण्याचं रसायन बदलते. ही दोन्ही कामं योग्य क्रमाने आणि योग्य वेगाने झाली, तरच आतला प्राणी टिकतो. क्रम चुकला, तर तीच राख कवचसुद्धा खाऊन टाकते.

चुलीतली राख नव्हे, काच

ज्वालामुखीच्या राखेत जळून गेलेलं काही नसतं. वायूंच्या फुग्यांनी भरलेला शिलारस स्फोटात फुटतो, तेव्हा त्या फुग्यांच्या भिंतींचे तुकडे क्षणात थंड होऊन काच बनतात. त्यात स्फटिकांचे आणि जुन्या खडकांचे कण मिसळलेले असतात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान कणांना राख म्हणतात. त्याहून मोठे ते लॅपिली. जीवाश्मांसाठी कामाची राख बारीक असते, साधारण ०.०६ मिलिमीटरच्या खालची, पिठासारखी. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण फुटलेल्या बल्बच्या तुकड्यांसारखे वक्र आणि धारदार दिसतात.

अशी राख समुद्रावर पडली की तळाशी पोचायला किती वेळ लागतो? ०.०२ मिलिमीटरचा एकटा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे ०.३ मिलिमीटर वेगाने बुडतो. म्हणजे शंभर मीटर खोलीसाठी जवळपास चार दिवस. कणाचा व्यास चौथाई केला की वेग सोळा पटींनी घटतो आणि चार दिवसांचे दोन महिने होतात. इतक्या संथपणे पडणारी राख कुणालाही जिवंत गाडू शकणार नाही.

प्रत्यक्षात राख एकेका कणाने बुडत नाही. पृष्ठभागावर पुरेशी राख साचली की राखमिश्रित पाणी खालच्या पाण्यापेक्षा जड होतं आणि त्याचे लोटच्या लोट एकदम खाली कोसळतात. १९९१ साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबोच्या उद्रेकाची राख दक्षिण चीन समुद्रात पडली. तिथे खोल पाण्यात गाळ पकडणारी उपकरणं आधीपासूनच लावलेली होती. त्यांच्या नोंदींवरून राख दिवसाला हजार मीटरपेक्षाही जास्त वेगाने उतरल्याचं कळलं. जिथे थर काही सेंटिमीटर जाड झाला, तिथले तळावरचे सूक्ष्मजीव त्याखाली दबून मेले.

तळावर राहणाऱ्या कवचधाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की काही तासांत अंगावर बारीक काचेचं पांघरूण येतं. बारीक कण डोळ्यांच्या देठांभोवती, पायांवरच्या केसांमध्ये, अर्धवट उघड्या झडपांच्या आतही शिरतात. राख भरड असेल तर हे होत नाही. वाळूएवढे कण केसांच्या फटींत शिरत नाहीत आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांतून ऑक्सिजनयुक्त पाणी फिरत राहतं. भरड राखेखाली कवच मिळतं, आतलं काही मिळत नाही.

थराची जाडीही तितकीच महत्त्वाची. दोन-तीन सेंटिमीटरचा थर असेल तर वरून नव्याने आलेले कृमी आणि शिंपले तो सहज खणून काढतात. जाड थर त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो. म्हणून खडकात राखेचा थर दिसला की आधी त्यात बिळांच्या खुणा आहेत का ते बघावं. वरचा भाग बिळांनी चाळला गेलेला आणि खालचा भाग अस्पर्श असेल, तर शोध खालच्या भागातच घ्यायचा.

पहिले काही दिवस: आम्ल

ताज्या राखेच्या कणांवर उद्रेकाच्या ढगातली आम्लं चिकटलेली असतात: सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिक आणि थोडं हायड्रोफ्लोरिक. पाण्यात पडताच ती विरघळतात. कवचातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं हे लिंबाच्या रसात अंड्याचं कवच ठेवून कुणीही पाहू शकतं. मग राखेत कवच टिकतं तरी कसं?

हे पाणी कोणतं आहे यावर ठरतं. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ असतो आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, त्यामुळे थोडंफार आम्ल तिथे लगेच शमतं. चुनखडीच्या किंवा बेसाल्टच्या प्रदेशातली तळीही सहसा तग धरतात, कारण खडक झिजून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट येत राहतं. ग्रॅनाइटच्या प्रदेशातल्या, क्षार कमी असलेल्या मऊ पाण्याच्या लहान तळ्यात मात्र हे संरक्षण नसतं. तिथे राखेच्या पहिल्याच पावसाने सामू घसरतो आणि ऑस्ट्रॅकॉडच्या पातळ झडपा, त्यातही पिल्लांच्या, आधी जातात. अशा थरात क्लॅम श्रिम्पच्या फॉस्फेटयुक्त झडपा मिळाव्यात आणि ऑस्ट्रॅकॉड एकही मिळू नये, असं घडू शकतं. त्यावरून ‘तळ्यात ऑस्ट्रॅकॉड नव्हतेच’ असा निष्कर्ष काढणं ही चूक आहे.

नंतरची वर्षं: काचेची चिकणमाती

ज्वालामुखीची काच अस्थिर असते. शिलारस इतक्या झटपट थिजलेला असतो की अणूंना नीट रचना करायला वेळच मिळालेला नसतो. पाणी मिळालं की काच हळूहळू विघटित होऊ लागते. या क्रियेत पाण्यातले हायड्रोजन आयन खर्च होतात आणि सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व सिलिका (वाळू आणि गारगोटी जिची बनते ती) बाहेर पडतात. म्हणजे सुरुवातीला आम्ल देणारी राख पुढे कणांमधल्या पाण्याला अल्कधर्मी करते. अशा पाण्यात कॅल्साइट विरघळत नाही, उलट साचू लागतं.

काचेची शेवटी चिकणमाती होते, मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट गटातली. अशा राखजन्य चिकणमातीच्या थराला बेंटोनाइट म्हणतात. महाराष्ट्रात या खनिजाची वेगळी ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती याच कुटुंबातल्या खनिजांनी भरलेली असते. फरक उगमाचा: आपली काळी माती मुख्यतः बेसाल्ट झिजून झाली, बेंटोनाइट राखेतल्या काचेपासून होतं.

ही चिकणमाती कणांमधल्या फटी बुजवते आणि प्राण्याभोवती बंद डबीसारखी स्थिती तयार करते. आत उरलेला ऑक्सिजन जीवाणू लवकरच संपवतात. त्यानंतर समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून कुजणं चालू राहतं. या प्रकारच्या कुजण्यातून बायकार्बोनेट तयार होतं आणि प्रथिनांच्या विघटनातून अमोनियाही सुटतो. दोन्हींमुळे प्राण्याच्या अगदी जवळच्या पाण्यात कार्बोनेट साचण्याची तयारी होते. प्राणी स्वतः कुजता कुजता आपल्याभोवती दगड घडवायला मदत करतो, असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे.

हेरफर्डशरच्या गाठी

हे सगळं सर्वांत नीट जुळून आलेली जागा इंग्लंडमध्ये, वेल्सच्या सीमेजवळच्या हेरफर्डशर परगण्यात आहे. सिल्युरियन काळात, म्हणजे सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी, तिथे समुद्र होता आणि त्याच्या तळावर बारीक राखेचा थर पडला. आज तो थर मऊ, फिकट बेंटोनाइटचा आहे आणि त्यात कॅल्साइटच्या कठीण गोलसर गाठी रुतलेल्या आहेत. बऱ्याचशा गाठी मुठीएवढ्या किंवा त्याहून लहान. खनिजतज्ज्ञ बॉब किंग यांच्या नजरेला त्या पडल्या आणि १९९६ मध्ये डेरेक ब्रिग्ज, डेव्हिड सिव्हेटर आणि डेरेक सिव्हेटर यांनी त्यांतल्या जीवाश्मांचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं.

गाठीच्या आत काय घडलं, याचा क्रम असा लावला गेला आहे. राखेने प्राणी गाडला. राख बदलू लागली तेव्हा प्राण्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर चिकणमातीच्या खनिजांचा पातळ लेप बसला, अगदी पायांवरच्या केसांपर्यंत. प्राणी कुजला, तरी लेप ढासळला नाही. उरलेल्या पोकळीत कॅल्साइटचे स्फटिक वाढले. भोवतालच्या राखेतही कॅल्साइट साचून गाठ कडक झाली. पुढच्या काळात वर शेकडो मीटर गाळ साचला, तेव्हा गाठीबाहेरचा बेंटोनाइट दबून चपटा झाला, गाठीच्या आत मात्र प्राण्याचा फुगीर आकार तसाच राहिला.

पॉम्पेईची उपमा अशा ठिकाणांना नेहमी दिली जाते. तिचा खरा अर्थ मात्र बहुतेकदा सुटतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलेली माणसं टिकलेली नाहीत. ती कुजली आणि राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये ज्युझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून आकृती काढल्या. हेरफर्डशरमध्ये प्लास्टरचं काम कॅल्साइटने केलं. मूळ प्राण्याचे स्नायू किंवा कायटिन तिथे नाही. आहे तो साचा आणि त्यातली ओतीव मूर्ती.

ही मूर्ती बाहेर काढणं हा वेगळाच प्रश्न आहे. जीवाश्म कॅल्साइटचा, गाठही कॅल्साइटची. आम्ल वापरलं तर दोन्ही विरघळतात. सुईने कोरावं तर केसाएवढे पाय तुटतात. क्ष-किरण स्कॅनमध्ये दोघांची घनता जवळपास सारखी असल्याने फरक दिसत नाही. म्हणून गाठ घासून संपवण्याचा मार्ग निवडला गेला. गाठ फोडून जीवाश्म दिसला की तो लहान ठोकळ्यात कापतात. मग पृष्ठभाग साधारण ०.०२ मिलिमीटर घासायचा, धुवायचा, छायाचित्र घ्यायचं, पुन्हा घासायचा. पाच मिलिमीटरच्या प्राण्याची अशी अडीचशे छायाचित्रं होतात. संगणकावर ती एकमेकांवर जुळवून, प्रत्येकात प्राण्याची कड आखून त्रिमितीय प्रतिमा उभी करतात. या कामात दोन गोष्टी हमखास बिघडतात. ठोकळा घासताना किंचित तिरका बसला की पुढच्या कापांची जाडी असमान होते आणि प्रतिमेत प्राणी वाकडा दिसतो. म्हणून ठोकळ्यात आधीच सरळ खुणा करून ठेवाव्या लागतात, ज्यांच्या आधारे छायाचित्रं जुळवता येतात. दुसरं, छायाचित्र अस्पष्ट आलं तर तो काप परत घेता येत नाही, कारण तो थर आता धूळ झालेला असतो. शेवटी जीवाश्म उरतच नाही. त्याची संगणकीय प्रतिमा हाच नमुना.

एवढं करून काय मिळालं? २००३ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेला कोलिम्बोसॅथॉन एक्प्लेक्टिकॉस हा ऑस्ट्रॅकॉड. कवचाची लांबी सुमारे पाच मिलिमीटर. झडपांच्या आत पोहण्याचे पाय, कल्ले, डोळे आणि नराचं जननेंद्रियसुद्धा ओळखता आलं. तोपर्यंत एवढ्या जुन्या ऑस्ट्रॅकॉडच्या बाबतीत रिकाम्या झडपांवरूनच अंदाज बांधावे लागत. २००७ मध्ये निम्फॅटेलिना ग्रॅव्हिडा या मादीचं वर्णन आलं. तिच्या झडपांच्या आत अंडी होती, म्हणजे पिल्लांची काळजी घेण्याची सवय या गटात तेव्हाच होती. २००४ मध्ये सिनेरोकॅरिस मॅग्निफिका ही कवचधारी, जिच्या नावातच राखेसाठीचा लॅटिन शब्द आणि कोळंबीसाठीचा ग्रीक शब्द आहे. २००५ मध्ये बार्नॅकलची पोहणारी डिंभकावस्था. आणि २०१७ मध्ये कॅस्कोलस रॅव्हिटिस हा जेमतेम नऊ मिलिमीटरचा कवचधारी, ज्याचं नाव निसर्गविषयक कार्यक्रमांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या डेव्हिड ॲटनबरो यांच्या सन्मानार्थ ठेवलं गेलं.

या यादीतला सगळ्यात अस्वस्थ करणारा निष्कर्ष कवचाबद्दलचा आहे. हेरफर्डशरच्या काही ऑस्ट्रॅकॉडच्या झडपा बाहेरून एका गटासारख्या दिसतात आणि आतल्या अवयवांवरून प्राणी दुसऱ्याच गटातला निघतो. जगभरच्या संग्रहालयांत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे ऑस्ट्रॅकॉड फक्त झडपांच्या आकारावरून वर्गीकृत केलेले आहेत. त्यांतली किती वर्गीकरणं बदलतील, हे आतले अवयव टिकलेले आणखी नमुने मिळतील तसंच कळत जाईल.

जिथे जुळून येत नाही

गाठी वेळेवर तयार झाल्या नाहीत तर काय होतं ते चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या यीशिएन थरांत दिसतं. साधारण साडेबारा कोटी वर्षांपूर्वीची तिथली तळी वारंवार राखेने भरत. पिसं असलेल्या डायनासोरांमुळे ती जागा प्रसिद्ध झाली, पण तिथेच क्रिकॉइडोसेलोसस नावाचे गोड्या पाण्यातले, शेवंडासारखे क्रेफिश आणि एओसेस्थेरिया हे क्लॅम श्रिम्प ढिगाने मिळतात. मिशा आणि पाय जागच्या जागी, पण सगळं कागदासारखं चपटं. राखयुक्त बारीक गाळाने झाकलं आणि ऑक्सिजन अडवला, आतून आधार देणारं खनिज मात्र वेळेत साचलं नाही. वरच्या गाळाच्या वजनाने सगळं दबलं. अशा नमुन्यात कल्ले पाठीच्या ढालीखाली चेपले गेलेले असतात आणि कोणता पाय वर होता, कोणता खाली, यावर तज्ज्ञांतही मतभेद होतात.

उष्णता ही दुसरी अडचण. आकाशातून पडलेली राख पाण्यात थंड होते. ज्वालामुखीच्या उतारावरून वाहत येणारा उष्ण राख-वायूचा लोट जमिनीवर असतो तोवर वाटेतलं सगळं करपवतो. तोच लोट समुद्रात शिरून पाण्यात मिसळला, तर मात्र उत्तम जतन होऊ शकतं. मोरोक्कोच्या हाय ॲटलस पर्वतातून सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीचे असे ट्रायलोबाइट मिळाले आणि २०२४ मध्ये अब्दर्रझाक एल अल्बानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. ट्रायलोबाइट कवचधारी वर्गातले नव्हेत, पण संधिपाद म्हणून त्यांचे नातेवाईक. त्यांची आतडी राखेने भरलेली होती. त्या राखेमुळेच पचनमार्गाचा आकार दबला नाही. अंगावर चिकटलेले ब्रॅकिओपॉड नावाचे इवले, शिंपल्यासारखे प्राणीही जागेवरच राहिले. तिथे जीवाश्म आणि खडक यांच्यात फरक दिसत असल्याने क्ष-किरण स्कॅन पुरला, घासून संपवायची वेळ आली नाही.

तिसरी अडचण सिलिकाची. काचेतून सुटलेली सिलिका कार्बोनेटची जागा घेऊ शकते. हे सावकाश आणि सूक्ष्म कणांनी झालं तर झडपेवरची जाळीदार नक्षीही टिकते. भरड स्फटिकांनी झालं तर नक्षी पुसली जाते आणि झडपेच्या आकाराचा गारगोटीचा तुकडा उरतो.

दख्खनच्या लाव्हांमधली तळी

इथे विषय आपल्या दारात येतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे प्रवाह येत होते. दोन प्रवाहांच्या मध्ये वर्षानुवर्षं शांतता असे, खोलगट जागी तळी साचत आणि त्यांत गाळ जमे. पुढच्या प्रवाहाने तो झाकला की झाला आंतरट्रॅपी थर. भूशास्त्राचे अभ्यासक माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागातून गोळा केलेल्या जीवाश्मांत ऑस्ट्रॅकॉड होते; १८४० मध्ये निसर्गाभ्यासक सॉवर्बी यांनी त्यांतल्या एकाला सायप्रिस सबग्लोबोसा असं नाव दिलं. १८५०च्या दशकात मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूरजवळच्या टाकळीसह अनेक ठिकाणचे थर शोधले. मुंबई बेटावरच्या अशाच थरांतून बेडूक, कासव आणि ऑस्ट्रॅकॉड मिळाले, आणि मुंबई परिसरात लाव्हासोबत राखेचे खडकही आहेत.

तरीही दख्खनला हेरफर्डशर समजू नये. दख्खनचे उद्रेक बहुतांशी वाहत्या बेसाल्टचे होते. बारीक राखेचे जाड, एकाच वेळी पडलेले थर आणि त्यांतल्या कॅल्साइटच्या गाठी हे इथलं सर्वसाधारण चित्र नाही. तळ्यांच्या चिकणमातीत आणि माती मिसळलेल्या मृद् चुनखडीत झडपा टिकल्या, कारण बेसाल्टच्या झिजेमुळे पाणी कॅल्शियमयुक्त आणि अल्कधर्मी राहिलं. चर्टमध्ये, म्हणजे सिलिकेच्या कठीण, गारगोटीसारख्या खडकात, टिकल्या त्या सिलिकेमुळे. आतले अवयव मिळण्याची आशा अशा थरांत कमी. पण झडपा भरपूर, आणि त्यांतून त्या काळच्या तळ्यांबद्दल पुष्कळ कळतं.

चिकणमातीतून झडपा काढण्याची रीत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. साधारण अर्धा किलो नमुना घ्यावा, पृष्ठभागावरचा झिजलेला भाग खरवडून टाकून. सुपारीएवढे तुकडे करून पूर्ण वाळवावेत. ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पुढची पायरी त्यावर उभी आहे. कोरडे तुकडे काही तास केरोसीनमध्ये बुडवून ठेवायचे, मग केरोसीन ओतून काढायचं आणि त्यावर गरम पाणी घालायचं. फुगणारी चिकणमाती पाणी जोरात ओढते, आत शिरलेल्या केरोसीनला ढकलते आणि तुकडा आतून उकलून चिखल होतो. नमुना दमट असेल तर केरोसीन आत शिरतच नाही आणि बाहेरचा थर तेवढा निसटतो. हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब करावं. सेंद्रिय काळसर मातीसाठी १० ते १५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, पण झडपा त्यात रात्रभर सोडू नयेत; द्रावण किंचित आम्लधर्मी होतं आणि झडपांची नक्षी खाल्ली जाते.

नंतर ०.०६३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर हलक्या धारेने धुवायचं. जोरदार नळाखाली पिल्लांच्या झडपा फुटतात. उरलेला भाग वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, अगदी बारीक ब्रशच्या टोकाने एकेक झडप उचलायची. चर्टमधल्या सिलिका झालेल्या झडपा मात्र अशा सुट्या होत नाहीत. झडपही सिलिका, खडकही सिलिका, त्यामुळे आम्लाचा उपयोग नाही. तिथे पातळ काप करून काचेवर चिकटवून पाहावं लागतं. उलट चुनखडीत सिलिका झालेल्या झडपा असतील तर १० टक्के ॲसेटिक आम्लाने चुनखडी जाते आणि झडपा मोकळ्या होतात.

मोजणी करताना राखेचा प्रश्न परत येतो. ऑस्ट्रॅकॉड वाढताना कात टाकतात, गोड्या पाण्यातले बहुतेक प्रौढ होईपर्यंत आठ वेळा. म्हणजे एका प्राण्याच्या मागे सुट्या झडपांच्या अनेक जोड्या उरतात. थरात सुट्या झडपा जास्त आणि त्याही मोठ्या आकाराच्याच असतील, तर त्या कातीच्या आहेत आणि पाण्याने निवडून आणलेल्या आहेत. लहान-मोठ्या सगळ्या वयाच्या आणि दोन्ही झडपा मिटलेल्या सापडल्या, तर ते प्राणी तिथेच, एकदम गाडले गेले. अशा वेळी त्या थरात काचेचे वक्र तुकडे आहेत का ते लगेच तपासावं. खेकडे-शेवंडांत ओळख वेगळी: कात असेल तर पाठीची ढाल उचकटलेली किंवा फिरलेली असते, प्रेत असेल तर ती पोटाशी जोडलेली राहते. क्लॅम श्रिम्पला ही युक्ती लागू नाही. ते कात टाकताना झडपा टाकत नाहीत, नव्या कडा जोडत जातात, त्यामुळे झडपेवर वाढीच्या रेघा दिसतात.

राख तपासण्याचं आणखी एक कारण आहे. तिच्यात कधीकधी झिरकॉन या टणक खनिजाचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांतलं युरेनियम ठरलेल्या वेगाने शिशात बदलतं, म्हणून त्यांवरून राख पडल्याचं वय काढता येतं. २०१५ मध्ये ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या लाव्हाथरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यांतून, ज्यांना रेड बोल म्हणतात, असे झिरकॉन वेगळे केले. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा नसतात. ते दुसऱ्या प्रकारच्या उद्रेकाच्या राखेतून तिथे पडले होते. त्यांवरून दख्खनच्या मुख्य उद्रेकांचं वय ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास, फार थोड्या त्रुटीने बांधता आलं.

म्हणून आंतरट्रॅपी थरातून जीवाश्मांसाठी नमुना घेताना त्याच पातळीवरची शेजारची माती, न धुतलेली, किमान दोन किलो वेगळ्या पिशवीत भरावी. पिशवीवर थराच्या तळापासूनची उंची सेंटिमीटरमध्ये लिहावी. झडपा धुताना जो गढूळ चिखल चाळणीखाली वाहून जातो, त्यात काचेचे तुकडेही जातात आणि झिरकॉनचे सगळ्यात बारीक स्फटिकही. एकदा नाल्यात गेले की ते परत मिळत नाहीत.